लग्नातील परतभेटीसाठी हाताने केलेल्या वस्तू घेताना कारागिराच्या हाती नेमके काय पडते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या माघात आपल्या मुलीचे लग्न कोल्हापुरात आहे. दीडशे कुटुंबांना परतभेट द्यायची असून प्रत्येक भेटीमागे 500 रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. स्टीलचे डबे किंवा प्लॅस्टिकच्या वस्तू देण्यापेक्षा गरजू कारागिरांनी हाताने केलेल्या वस्तू द्याव्यात आणि पैसे खरोखर त्यांच्याच हाती जावेत, अशी आपली इच्छा आहे. हे जमले, तर शिरोलीतील आपल्या फाउंड्रीच्या ऐंशी कामगारांनाही दरवर्षी दिवाळीत अशीच भेट देण्याचा विचार आहे. वस्तूवर 'फेअर ट्रेड' असे लिहिलेले असणे पुरेसे आहे का, आणि नसल्यास खात्री कशी करावी, हे आपण विचारले आहे.

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील कारागिरांकडून माल घेऊन तो दुकानांना व संस्थांना पोहोचवण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करत आले आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, भेटवस्तू न्याय्य ठरते की नाही हे तिच्यावरच्या चिठ्ठीपेक्षा ती कशी मागवली यावर जास्त अवलंबून असते. किती आधी सांगितले, बयाणा किती दिला, दर कशाच्या हिशेबाने ठरवला, उरलेले पैसे कधी चुकते केले आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारी गेलो का, या पाच गोष्टी ग्राहकाच्या हातात असतात. म्हणून चिठ्ठ्यांविषयी आधी थोडक्यात सांगते आणि मग मुख्य विषयाकडे वळते.

फेअर ट्रेड, म्हणजे न्याय्य व्यापार, ही कल्पना हस्तकलेतूनच पुढे आली. 1946 मध्ये एडना रूथ बायलर या अमेरिकन बाईंनी पोर्तो रिकोतील गरीब स्त्रियांचे भरतकाम पाहिले आणि ते आपल्या मोटारीत घालून ओळखीच्या लोकांना विकायला सुरुवात केली. त्या उपक्रमातून पुढे एक मोठी संस्था उभी राहिली. 1989 मध्ये स्थापन झालेल्या आणि आज जागतिक न्याय्य व्यापार संघटना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेची दहा तत्त्वे आहेत. त्यांत रास्त मोबदला, बालमजुरीला मनाई, स्त्री-पुरुषांना समान वागणूक आणि व्यवहारातील पारदर्शकता यांचा समावेश होतो. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते असे कलम की, हस्तकलेची ऑर्डर देणाऱ्याने कारागिराने मागणी केल्यास किमान 50 टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. हे कलम ज्याने लिहिले, त्याने कारागिराचे घर आतून पाहिले असले पाहिजे.

आपल्याकडच्या खुणा मात्र प्रत्येकी वेगळीच गोष्ट सांगतात आणि ग्राहक त्यांची सरमिसळ करतात. हातमागाची खूण कापड हातमागावर विणले आहे एवढेच सांगते, तर क्राफ्टमार्क ही खूण वस्तू हस्तकलेची असल्याचे सांगते. चहा-कॉफीच्या पुड्यांवर दिसणारे फेअरट्रेडचे चिन्ह प्रामुख्याने शेतमालासाठी आहे. आपल्या बुरुडाच्या टोपलीवर ते कधीच दिसणार नाही आणि दिसले नाही म्हणून ती टोपली अन्यायाची ठरत नाही. भौगोलिक मानांकन वस्तू कोणत्या भागातील आहे ते सांगते. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन 2019 मध्ये मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकातील चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातील अथणीत शिवलेली चप्पल कोल्हापुरातल्या दुकानात दिसली, तर ती नकली आहे असे समजण्याचे कारण नाही. पण ती शिवणाऱ्याला जोडामागे काय मिळाले, हे मानांकन सांगत नाही. जून 2025 मध्ये मिलानमधील प्रादाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी पायताणे झळकली आणि मूळ उगमाचा उल्लेख नाही म्हणून मोठा गदारोळ झाला. त्या काळात कोल्हापुरी हे नाव जगभर पोहोचले, याचा मला आनंदच आहे. परंतु नाव गाजणे आणि शिवणाऱ्याची मजुरी वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आपल्यासारख्या ग्राहकांच्या ऑर्डरवरच ठरते.

आता मुख्य विषय. गरजू कारागीर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कौशल्य असूनही गिऱ्हाईक नसलेला माणूस येतो. प्रत्यक्षात मी ज्यांच्याबरोबर काम करते, त्यांच्यापैकी बहुतेकांना गिऱ्हाईक असते. त्यांच्याकडे नसते ते भांडवल. चामडे, बांबू, कापड, लोकर यांतले काहीही रोखीने घ्यावे लागते आणि विकलेल्या मालाचे पैसे मात्र सवडीने येतात. मधला काळ भरून काढण्यासाठी कारागीर व्यापाऱ्याकडून 'उचल' घेतो. उचल आणि बयाणा हे दोन्ही आगाऊच पैसे असले, तरी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बयाणा एका ठरलेल्या कामापुरता असतो आणि काम पुरे झाले की त्याचा हिशेब संपतो. उचल मात्र पुढच्या वर्षात ओढली जाते, ती फिटेपर्यंत माल त्याच व्यापाऱ्याला आणि तो सांगेल त्या दराने द्यावा लागतो, आणि आजारपण किंवा शाळेची फी आली की तीत नवी भर पडते. एका चर्मकार कुटुंबाकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझी ऑर्डर नाकारली होती. माझा दर जास्त होता, काम त्यांच्या हातचे होते, पण घरातला प्रत्येक जोड आधीच दुसऱ्याच्या नावे बांधलेला होता. कारागिराला खरोखर मदत करायची असेल, तर घासाघीस न करता दिलेल्या पन्नास रुपयांपेक्षा वेळेवर दिलेला अर्धा बयाणा अधिक उपयोगी पडतो, हे मी त्या दिवशी शिकले.

केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. चर्मकार, कुंभार, टोपल्या विणणारे आणि सोनार यांना तिच्यातून विनातारण कर्ज आधी 1 लाख आणि नंतर 2 लाख रुपयांपर्यंत 5 टक्के व्याजाने मिळू शकते. आपण ज्यांच्याकडून वस्तू घ्याल, त्यांची तेथे नोंदणी झाली आहे का, हे सहज विचारावे आणि झालेली नसल्यास अर्ज भरायला कोणाची तरी मदत द्यावी. तसे केले, तर वस्तूच्या किमतीपलीकडचे काही आपण त्या घराला दिलेले असेल.

दर ठरवताना मी नेहमी दिवसापासून सुरुवात करते. 'ही वस्तू केवढ्याला?' असे विचारले की कारागीर बाजारात चालणारा आकडा सांगतो, आणि तो आकडा बहुधा उचल देणाऱ्यानेच पाडलेला असतो. 'हिला कच्चा माल किती लागतो आणि दिवसाला असे नग किती होतात?' असे विचारले की खरा हिशेब समोर येतो. उदाहरणादाखल हातशिलाईची लहान गोधडी घेऊ. बारीक धाव्याच्या टाक्यांनी कडेपासून मध्यापर्यंत फेर घालत शिवलेली, बाळाच्या मापाची गोधडी पुरी करायला सरावलेल्या बाईला माझ्या अनुभवात सुमारे 28 तास लागतात. कापड आणि दोरा मिळून 400 रुपये धरले आणि कोणी ती 1,200 रुपयांना मागितली, तर शिवणाऱ्या बाईच्या वाट्याला 800 रुपये, म्हणजे तासाला 29 रुपयेसुद्धा येत नाहीत. आठ तासांच्या दिवसाला 600 रुपये मजुरी धरली, तर साडेतीन दिवसांचे 2,100 आणि साहित्याचे 400 मिळून 2,500 रुपये होतात. ही रक्कम ऐकून पुष्कळ जण दचकतात. मात्र तोच माणूस घराच्या रंगाऱ्याला किंवा फरशी बसवणाऱ्याला दिवसाचे 600 रुपये देताना दचकत नाही. बाईचे घरबसल्या केलेले काम 'फावल्या वेळातले' समजले जाते, एवढेच त्याचे कारण आहे, आणि ते मला मान्य नाही.

या हिशेबावरून आपल्या 500 रुपयांत काय बसते आणि काय बसत नाही, हे स्पष्ट होते. दीडशे जणांना गोधडी देणे शक्य नाही. 500 रुपयांत ती मिळाली, तर ती यंत्रावर शिवलेली तरी असेल किंवा कोणाच्या तरी कष्टांवर डल्ला मारून आलेली असेल. दीडशे जोड कोल्हापुरी चपला देणेही शक्य नाही. दर आड येतोच, शिवाय प्रत्येकाचे माप घ्यावे लागते आणि मंगलप्रसंगी पायताण भेट देणे अनेक घरांत रुचत नाही. ज्या वस्तूत दोन-तीन तासांचे कसबी काम आहे आणि कच्चा माल स्वस्त आहे, अशीच वस्तू या रकमेत न्यायाने बसते. म्हणून माझी पहिली पसंती बांबूच्या परडीला आहे.

कोल्हापुरात परडी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अंबाबाईच्या पूजेची फुले तीतून जातात, जोगवा मागणाऱ्याच्या हातात ती असते, आणि लग्नघरातून आलेली परडी देवघरात रोज वापरली जाते. शोकेसमध्ये धूळ खात पडणारी भेट देण्यापेक्षा रोज हाताळली जाणारी भेट द्यावी, असे मला वाटते. बुरुड कारागिरांची घरे शहरातही आहेत आणि आजरा, चंदगड, राधानगरी या बांबूच्या पट्ट्यातल्या गावांतही आहेत. प्लॅस्टिकच्या टोपल्या आणि बादल्या आल्यापासून रोवळ्या, दुरड्या, सुपे यांची रोजची मागणी आटली. आता बहुतेक घरांना लग्नसराईतली सुपे आणि सणावारांच्या टोपल्या एवढ्यावरच वर्ष काढावे लागते. ओल्या बांबूच्या कामट्या काढून त्या तासून सारख्या करणे हे अर्धे काम असते आणि ते दिसत नाही. विणकाम लवकर होते. वेळ जातो तो काठ बांधण्यात. चांगली परडी ओळखायची असेल, तर आतून बोट फिरवावे. कुठेही कूस, म्हणजे बांबूचे बारीक टोक, टोचू नये, काठाची कामटी सलग असावी आणि तिचे टोक विणीत आत गेलेले असावे. रंगवलेल्या परड्यांवर बहुधा फुलांच्या पाण्याने डाग उतरतात, म्हणून मी नेहमी बिनरंगाच्या घेते.

हिशेब असा मांडता येईल. अर्थात हे आकडे नमुन्याचे आहेत आणि प्रत्यक्षातले भाव समोर बसूनच ठरवायचे आहेत. एका परडीला बांबू 40 रुपयांचा लागला, एक कसबी माणूस दिवसाला चांगल्या चार परड्या करतो असे धरून 600 रुपयांच्या मजुरीत नगाला 150 रुपये पडले, आणि हत्यारांची झीज व फुकट गेलेला माल यांचे 10 रुपये धरले, तर परडी 200 रुपयांना पडते. तीत अर्धा किलो गूळ ठेवावा. माघात गुऱ्हाळे चालूच असतात, ताजा गूळ मिळतो, आणि 2014 पासून भौगोलिक मानांकन असलेला कोल्हापुरी गूळ ही बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी अगदी योग्य वस्तू आहे. तो 60 रुपयांचा धरू. गुळासाठी खणाची पिशवी महिला बचत गटाकडून शिवून घ्यावी. कापडाचे 50, नाडी-दोऱ्याचे 10 आणि चाळीस मिनिटांच्या शिलाईचे 50 मिळून तिची किंमत 110 रुपये होते. येथे शिलाईचा दर परडीच्या मजुरीइतकाच, म्हणजे दिवसाला 600 रुपये धरला आहे, याकडे मुद्दाम लक्ष वेधते. पुरुषाच्या कामाला एक दर आणि बाईच्या कामाला दुसरा, असे करून न्याय्य व्यापार होत नाही.

एकूण भेट 370 रुपयांची झाली, म्हणजे दीडशे भेटींचे 55,500 रुपये. आपल्या 75,000 रुपयांतून 19,500 रुपये उरतात. त्यांतून अगदी जवळच्या घरांसाठी सात खऱ्या गोधड्या 2,500 रुपये दराने 17,500 रुपयांना घ्याव्यात आणि राहिलेले 2,000 रुपये नमुने व वाहतूक यांसाठी ठेवावेत. सगळ्यांना एकसारखी भेट देण्याच्या हट्टापायी दीडशे निकृष्ट वस्तू घेण्यापेक्षा हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

खणाविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाजारात मिळणारा बराचसा खण यंत्रमागावरचा असतो. यंत्रमागाचे कापड वापरण्यात गैर काही नाही. इचलकरंजीतली हजारो घरे त्याच्यावर चालतात. फक्त त्या पिशवीवर 'हातमाग' असे लिहू नये. 'कापड यंत्रमागाचे, शिलाई अमुक गावच्या बचत गटाची' असे लिहावे. हातमागाचाच खण हवा असल्यास तो कर्नाटकातील गुळेदगुड्डहून मागवावा लागेल, आणि त्याचा दर वेगळा असेल.

ज्येष्ठ पाहुण्यांसाठी परडीऐवजी घोंगडीचे आसन हा दुसरा चांगला पर्याय आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असल्याने गिरण्यांना ती नको असते आणि धनगरांना तिचे मोल जवळजवळ मिळेनासे झाले आहे. सणगर समाजातील थोडी घरे अजून खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी हाताला कडक लागते ती या खळीमुळे, आणि हा दोष नसून अस्सलपणाची खूण आहे. मऊ, चकचकीत आणि स्वस्त आसन दिसले, तर एक धागा ओढून जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. पट्टणकोडोली परिसरात चौकशी केल्यास घोंगडीवाल्यांची माहिती मिळते, पण दीडशे आसने एका हंगामात मागू नयेत. एवढी लोकर कातून विणण्याची त्या घरांची ताकद आता राहिलेली नाही, आणि नको तेवढा ताण दिला की गिरणीची लोकर मिसळली जाते.

चपलांचा विषय मात्र पूर्ण सोडून देऊ नये. नवरदेवाचे जोडे लपवण्याची गंमत आपल्याकडे असतेच, तर ते जोडे तरी खरे असावेत. नवरदेव, करवले आणि दोन्ही व्याही यांच्यासाठी पाच-सहा जोड मापाने करून घ्यावेत. कागदावर दोन्ही पावले ठेवून पेन्सिलीने आखावे आणि तो कागद कारागिराला द्यावा. सुभाषनगरसारख्या वस्त्यांत घरोघरी काम चालते. चप्पल लाइनमधल्या अनेक दुकानदारांचेही कारागिरांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध आहेत. अस्सल जोडाचा तळ म्हशीच्या चामड्याचा असतो, ते चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते, आणि शिलाई चामड्याच्याच वादीने, खिळा न मारता केलेली असते. वेणी घालण्याचे आणि पट्ट्यांवरचे नाजूक काम बहुधा घरातल्या स्त्रिया करतात, पण हिशेब मात्र पुरुषाच्या नावे होतो. मी आता पैसे देताना 'वेणी कोणी घातली?' असे विचारते आणि जमेल तिथे त्या बाईंच्या खात्यावर त्यांचा वाटा वेगळा जमा करते. सुरुवातीला घरातले अवघडले होते. दोन हंगामांनंतर ती पद्धतच पडून गेली. 2015 च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर चामड्याच्या पुरवठ्याचे गणित बदलले, आणि आज बरेचसे कमावलेले चामडे परराज्यांतून येते. त्यामुळे मूळ किमतीतच वाढ झाली आहे. फुटपाथवर दोन-अडीचशे रुपयांना मिळणारा जोड कोणत्या मालाचा असेल, हे यावरून समजावे.

रंगाबाबत मला एक जुना प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण आपल्यावरही ती वेळ येऊ शकते. एका कंपनीने माझ्यामार्फत चामड्याची लहान पाकिटे मागवली होती. माल पोहोचल्यावर त्यांनी चाळीस पाकिटे परत पाठवली, कारण त्यांचा रंग नमुन्यापेक्षा गडद होता. हिरड्याने कमावलेले चामडे प्रत्येक कातड्यागणिक थोडे वेगळे दिसते आणि वापराने व तेलाने आणखी गडद होते, ही गोष्ट मी ऑर्डर घेतानाच त्यांना लेखी कळवायला हवी होती. ते मी केले नव्हते, आणि कारागिराने माझ्या शब्दावर माल केला होता. त्या पाकिटांची रक्कम मी भरली, पण त्या कारागिराचा आपल्याच हातावरचा विश्वास डळमळलेला मी पाहिला, आणि ते भरून देणे मला जमले नाही. तेव्हापासून मी एकाऐवजी तीन नमुने करून घेते: एक फिका, एक मधला आणि एक गडद. या तिन्हींच्या दरम्यान जे येईल ते स्वीकारायचे, असे ग्राहकाशी आधीच ठरते. परडीतही हेच आहे. व्यास बोटभर कमी-जास्त होणार, काही कामट्या हिरवट तर काही पिवळ्या असणार. आपण नमुन्याचे पैसे वेगळे द्यावेत, कारण नमुना करतानाही दिवस जातो, आणि काय चालेल व काय चालणार नाही हे त्याच वेळी बोलून घ्यावे. टोचणारी कूस, सैल तळ किंवा बुरशी असल्यास माल जरूर परत करावा. खराब माल दयेपोटी स्वीकारणे हाही कारागिराचा अपमानच आहे.

वेळेचे गणित असे आहे. एका घरात दोघे जण काम करत असतील, तर दिवसाला आठ परड्या, म्हणजे दीडशे परड्यांना एकोणीस दिवस लागतात. त्यात बाजाराचे दिवस, पाहुणे, आजारपण आणि माल वाळण्याचा काळ धरून सहा आठवडे मोकळे ठेवावेत. बयाणा दिवाळीनंतर लगेच द्यावा आणि माल पौष संपण्याआधी घरी यावा. आता तीन आठवडे राहिले आहेत आणि दीडशे नग हवेत, असे सांगितले तर कारागीर नाही म्हणणार नाही, कारण नाही म्हणणे त्याला परवडत नाही. तो काम पलीकडच्या घरांत कमी दराने वाटून देईल, मुलांना शाळेतून घरी बसवेल, नाहीतर रात्री जागेल. घाईच्या ऑर्डरीतला अन्याय असा आपल्या नजरेआड होतो. फाउंड्रीच्या दिवाळीच्या ऑर्डरीला तर हे अधिकच लागू पडते. ती ज्येष्ठ-आषाढातच द्यावी. पावसाळ्यात चपलांचे गिऱ्हाईक थांबते, ओल्या हवेत चामडे आणि बांबू नीट वाळत नाहीत, आणि हातात पैसा नसतो तो नेमका याच महिन्यांत. त्या काळात शिलाईचे काम, म्हणजे कापडी पिशव्या, गोधड्या, दुपटी दिली तर वस्तूही बिघडत नाहीत आणि उचल घेण्याची वेळही टळते. कुंभारांकडून पणत्या घ्यायच्या असतील, तर मात्र गणपती होईपर्यंत त्यांना त्रास देऊ नये. बापट कॅम्प या कुंभारवस्तीत त्या दिवसांत मान वर करायलाही कोणाला सवड नसते. फाउंड्रीच्या नावे खरेदी होईल तेव्हा आणखी एक गोष्ट पाळावी लागेल. सरकारची 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. माझी विनंती आहे की, माल मोजून घेतला त्याच दिवशी द्यावेत.

मध्यस्थ टाळावा का, असे अनेक जण विचारतात. सरसकट टाळू नये. चांगला मध्यस्थ किंवा संस्था माल गोळा करते, तपासते, न विकलेल्या मालाचा भार सोसते आणि कारागिराला फोनवर वाटाघाटी करत बसावे लागत नाही. त्याबद्दल तिने आपला हिस्सा घ्यावा, आम्हीही घेतो. फरक एवढाच की, 'शंभरातले कारागिराला किती जातात?' या प्रश्नाचे तिने सरळ उत्तर द्यावे आणि कारागिराला भेटू द्यावे. दोन्ही गोष्टींना टाळाटाळ होत असेल, तर तेथून घेऊ नये, दुकान कितीही सुंदर असो. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि राज्याचे 'उमेद' हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्याशी जोडलेल्या बचत गटांची यादी तालुक्याच्या ठिकाणी मिळू शकते. अपंग व्यक्तींच्या हातचे काम हवे असल्यास नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या कोल्हापूरच्याच संस्थेकडे, आणि बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या आनंदवनाकडे विचारणा करावी. अशा संस्थांकडे त्या वेळी जे तयार होत असेल ते घ्यावे. आपल्या नक्षीचा आग्रह धरू नये.

भेटीबरोबर ठेवायच्या चिठ्ठीविषयी मला मनापासून काही सांगायचे आहे. 'ही वस्तू एका विधवेने बनवली आहे' किंवा 'आपल्या भेटीमुळे एका गरीब घरची चूल पेटली', अशा मजकुराच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यामागचा हेतू चांगला असतो, पण ज्या बाईने परडी विणली तिच्या दुःखाची जाहिरात दीडशे घरांत होते, आणि बऱ्याचदा तिला ते माहीतही नसते. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, साहित्य, गाव, ती कशी सांभाळावी हे, आणि कारागिराची परवानगी असेल तर त्याचे नाव लिहावे. परडीसाठी 'ओली झाल्यास सावलीत वाळवावी' एवढी सूचना पुरेशी आहे. कारागिराने आपला फोन क्रमांक छापण्यास होकार दिला, तर तो जरूर छापावा, कारण लग्नाला आलेल्यांपैकी दोन घरांनी जरी पुढे त्याला थेट फोन केला, तरी त्याला आपल्या ऑर्डरीपेक्षा मोठे काम मिळेल.

कारागिराकडे पहिल्यांदा जाताना एक साधी वही बरोबर न्यावी. तीत नगांची संख्या, दर, बयाणा, माल देण्याची तारीख आणि उरलेली रक्कम कधी द्यायची ते मराठीत लिहावे, दोघांनी सही करावी आणि दुसरी प्रत कारागिराकडे ठेवावी. आठवडी बाजाराचा दिवस सोडून, शक्यतो घरातल्या स्त्रिया मोकळ्या असतील अशा दुपारच्या वेळी जावे, कारण दिवसाला नग किती होतात याचे खरे उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच मिळते. माल घ्यायला जाल तेव्हा परड्या एकात एक घट्ट बसवून आणू नका, काठ दबतात. दोन परड्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून पोत्याऐवजी खोक्यात भराव्यात, आणि लग्नापर्यंत त्या हवेशीर खोलीत उघड्या ठेवाव्यात.